गादीखालचं इंजिन

आमच्या घराचं इंजिन आमच्या गादीखाली असतं. अमेरिकेत ज्याला 'डिझेल पुशर' म्हणतात, तसलं हे बारा मीटर लांबीचं फिरतं घर. इंजिन अगदी मागे, त्याच्यावर झोपायची खोली. गादी उभी केली, पलंगाची फळी वर घेतली आणि खालचं झाकण काढलं की इंजिनाचा माथा समोर येतो. दिवसभर गाडी पळाली असेल तर रात्री जमीन पायांना कोमट लागते. डिसेंबरात, न्यू मेक्सिकोच्या पठारावर, ती ऊब सोडवत नाही. जूनमध्ये नकोशी होते. गाडी हे चालवतात. ती तापू न देण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि ते मी हौसेने मागून घेतलेलं आहे.

चांगलं डिझेल इंजिनसुद्धा इंधनातल्या ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपासच कामी लावतं. बाकीची उष्णता होते. तिचा एक मोठा वाटा धुराबरोबर निघून जातो, दुसरा कूलंटच्या हाती लागतो. रुडॉल्फ डिझेलला हे मान्य नव्हतं. इंजिन थंड करणं म्हणजे कमावलेली उष्णता फेकून देणं, असं त्याचं गणित सांगत होतं. म्हणून १८९३ साली आउग्सबुर्गला त्याने जे पहिलं प्रायोगिक इंजिन उभं केलं, त्याच्या सिलिंडरभोवती पाणी खेळवण्याची सोयच नव्हती. पुढे ती करावी लागली. १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक श्र्योटर यांनी ज्या इंजिनाची चाचणी घेतली आणि २६.२ टक्के कार्यक्षमता नोंदवली, ते पाण्याने थंड होणारंच होतं. मला या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. थेंबभर उष्णताही वाया जाऊ नये म्हणून तो झटला, आणि शेवटी त्याच्याच यंत्राने त्याला तिला वाट करून द्यायला लावलं.

ती वाट मोकळी ठेवायची, एवढंच माझं काम. मोटारीत रेडिएटर पुढे असतो. गाडी धावली की वारा आपसूक त्याच्यावर येतो. आमच्या गाडीत तो पार मागे, शेपटाकडच्या भिंतीत. तिथे वारा पोचत नाही. सगळी भिस्त पंख्यावर. पंखा गाडीच्या पोटाखालची हवा ओढतो आणि आधी इंटरकूलरमधून, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गार करणाऱ्या जाळीतून, मग रेडिएटरमधून मागे ढकलतो. पोटाखालची हवा म्हणजे मागच्या चाकांनी उडवलेली धूळ. शिवाय इंजिनाला एक श्वासनळी असते, ब्रीदर. तिच्यातून तेलाची वाफ बारीक बारीक बाहेर पडत राहते. पंखा तीही ओढून घेतो. तेल आणि धूळ एकत्र आली की चिकट काळा थर बसतो, आणि तो बसतो आतल्या अंगाला, इंटरकूलरच्या इंजिनाकडच्या तोंडावर. मागचं दार उघडून बॅटरी मारली तर रेडिएटरची जाळी लख्ख दिसते. कितीतरी जण तेवढं पाहून समाधानाने दार लावतात. खरी अवस्था पाहायची तर गादी उचलावी लागते.

धुण्यासाठी इंजिन पूर्ण गार हवं. ॲल्युमिनियमला न खाणारा साबण पाण्यात कालवायचा, बागेतल्या फवाऱ्यात भरायचा, आणि पलंगाच्या चौकटीत पोटावर पडून, हात खांद्यापर्यंत आत घालून, पंख्याच्या पात्यांमधून फवारायचं. पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं. वाळू मात्र द्यायचं नाही. मग साध्या नळीने, बेताच्या धारेने पाणी. जोराच्या मशीनचा मोह इथे टाळावा, कारण जाळीचे पत्रे बोटाच्या नखानेही वाकतात, आणि वाकलेले पत्रे म्हणजे हवेला कायमचं बंद दार. पहिलं पाणी काळं येतं. त्यात पतंगांचे पंख असतात, गव्हाचा भुसा असतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी नेब्रास्कातून आलो असलो तर कॉटनवुड झाडांचा कापूस असतो. आपण कुठून कुठून आलो ते सगळं त्या जाळीत साठलेलं असतं. पुन्हा फवारा, पुन्हा पाणी; ते नितळ येईपर्यंत थांबायचं नाही. हे सगळं कॅम्पग्राउंडवर करू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तेलकट पाणी जमिनीत मुरता कामा नये. ट्रक धुण्याची जागा गाठावी, जिथे पाणी गाळून घेण्याची सोय असते. ब्रीदरला आम्ही लांब नळी जोडून तिचं तोंड पंख्याच्या पलीकडे नेलं आहे. तेव्हापासून थर बसतो तो कोरड्या धुळीचा, आणि ती लगेच सुटते.

बाहेरचं झालं की आतलं. कूलंट म्हणजे निम्मं इथिलीन ग्लायकॉल, निम्मं शुद्ध केलेलं पाणी. नळाचं पाणी नाही. त्यातले क्षार आत साचतात. हे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सियसपर्यंत गोठत नाही, आणि झाकणाने सुमारे एक बार दाब धरला तर १२९ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. ग्लायकॉल जास्त घातलं तर अधिक चांगलं, असं अनेकांना वाटतं. नुसतं ग्लायकॉल उणे १३ अंशांलाच गोठतं, आणि उष्णता वाहून नेण्यात पाण्याच्या मागे पडतं. दोघं एकमेकांत मिसळली तरच गुणाची.

आमचं इंजिन ८.९ लिटरचं, ओल्या लायनरचं. म्हणजे पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला थेट कूलंट भिडलेलं. पिस्टन प्रत्येक फेरीत लायनरला धक्का देतो. लायनर थरथरतो. त्या थरथरीत त्याच्या पाठीवर बुडबुडे तयार होतात आणि तिथल्या तिथे फुटतात. फुटताना प्रत्येक जण लोखंडाचा कण उचलून नेतो. बघता बघता खड्डा पडतो, खड्ड्याचं भोक होतं, आणि कूलंट इंजिनात उतरतं. पाण्याने, नुसत्या बुडबुड्यांनी, ओतीव लोखंड पोखरलं जातं! हे रोखतं ते कूलंटमधलं नायट्राइट. ते लायनरच्या पाठीवर एक पातळ थर धरतं. बुडबुडा त्याचा टवका काढतो आणि तो पुन्हा धरला जातो. नायट्राइट त्यात खर्ची पडतं, म्हणून कागदी पट्टी बुडवून ते मोजायचं आणि उणं असेल तेवढंच घालायचं. भीतीपोटी जास्त ओतलं तर त्याचा गाळ होऊन बारीक नळ्या तुंबतात. काही नवी कूलंट सेंद्रिय आम्लांवर चालतात, त्यांची तपासणी वेगळी. रंगावर विश्वास ठेवून दोन जाती एकत्र करू नयेत. आणि सांडलेलं कूलंट लगेच पुसावं. ते चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. कॅम्पग्राउंडवर प्रत्येक दुसऱ्या गाडीबरोबर कुत्रं असतं.

या साऱ्याची परीक्षा चढावर होते. कॅलिफोर्नियात बेकर गावी १३४ फूट उंचीचं थर्मामीटर उभं आहे. १९१३ साली डेथ व्हॅलीत नोंदलेल्या १३४ फॅरनहाइटची, म्हणजे ५६.७ सेल्सियसची ती आठवण. बेकर सोडून लास व्हेगासकडे निघालं की लांबलचक चढ लागतो, आणि इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा, अशी पाटी. तिथे मन म्हणतं, गाडीला फार राबवू नका. पण खालचा गिअर टाकून इंजिन फिरतं ठेवणंच बरं. ते जोरात फिरलं की पाण्याचा पंप जोरात फिरतो, पट्ट्यावरचा पंखाही. वरच्या गिअरमध्ये गुरगुरत चढणारी गाडी आतून भाजून निघते. मी शेजारी बसून काट्याकडे पाहते. तो एरवी १९० फॅरनहाइटवर असतो. "अहो, दोनशे पाच," मी म्हणते. हे काही न बोलता आणखी एक गिअर उतरवतात.

डेथ व्हॅलीत आम्ही हिवाळ्यात जातो. स्टोव्हपाइप वेल्स जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. तिथून सत्तावीस किलोमीटरमध्ये रस्ता टाउन पासच्या १,५११ मीटरवर पोचतो. त्या चढावर कडेला पाण्याच्या टाक्या दिसल्या. पिण्यासाठी नाही, रेडिएटरसाठी, असं वर लिहिलेलं. ही गाड्यांची पाणपोईच. लहानपणी खंबाटकीच्या घाटात एसटी वाफ सोडत थांबायची, ड्रायव्हर झाकणावर फडकं टाकून दूर उभा राहायचा, आणि आम्ही मुलं खाली उतरायला मिळालं म्हणून खूश व्हायचो. त्याचं ते दूर उभं राहणं किती शहाणपणाचं होतं, ते आता कळतं. झाकण उघडलं की दाब जातो. दाब गेला की आतलं शंभराच्या वरचं पाणी त्याच क्षणी उसळून तोंडावर येतं.

टाकीपाशी एक तरुण जोडपं जुनी व्हॅन घेऊन थांबलं होतं. मुलगी बादली भरून आली आणि मुलाने झाकणाला हात घातला. मी ओरडूनच त्याला थांबवलं. पाऊण तास आम्ही चौघं सावलीत बसलो, पोहे खाल्ले. वरची नळी हाताने दाबून पाहिली, ती मऊ लागली, तेव्हा यांनी फडकं धरून झाकण एक वेढा सैल केलं, फुस्स झालं ते संपू दिलं, मग काढलं. इंजिन चालू ठेवून पाणी हळूहळू ओतलं, म्हणजे गरम लोखंडाला गार पाण्याचा झटका बसत नाही. निघताना मी त्या मुलीला एक तपासणीची पट्टी दिली आणि सांगितलं, आता आत पाणी जास्त झालंय, पहिल्या मोठ्या गावात ग्लायकॉल घालून प्रमाण जुळवून घ्या, वर बिशप गावाच्या बाजूला रात्री तापमान शून्याखाली जातं. तिने फोनवर ते लिहून घेतलं, आणि रेडिएटर आतून कसा पाहायचा, असं विचारलं.