शेकानंतर

बाबांच्या चेहऱ्याचा साचा घेतला तेव्हा मला आत उभं राहू दिलं होतं. जाळीदार पांढऱ्या प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यातून काढला, निथळला आणि मऊ होता तोवरच त्यांच्या तोंडावर ताणून बसवला. नाक, भुवया, हनुवटी, सगळं त्यात उमटलं आणि काही मिनिटांत तो कडक झाला. पुढचे सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, हा मुखवटा टेबलाला अडकवून त्याखाली त्यांना निजायचं होतं. किरणांचा झोत मिलिमीटरच्या हिशेबानं सोडतात; डोकं जरा हललं तरी तो भलतीकडे जातो.

बाबा दारव्ह्याच्या बाजार समितीत मापारी होते. कापसाची वजनं वहीत चढायच्या आधी त्यांच्या डोक्यात चढलेली असायची. अडत्यांचे वाद त्यांच्या आठवणीवर मिटायचे. एका पहाटे त्यांना फिट आली. यवतमाळला स्कॅन झालं, नागपूरला ऑपरेशन. डाव्या कानशिलाच्या आत, मेंदूच्या टेम्पोरल भागात गाठ होती. पूर्ण काढली तर बोलणंच जाईल म्हणून थोडी ठेवावी लागली आणि उरलेल्या गाठीसाठी किरणांचा शेक ठरला. एकूण मात्रा ५४ ग्रे, ३० वेळा विभागून, दर वेळी १.८ ग्रे.

गावात तोवर कारणं शोधून झाली होती. कुणी मोबाइलच्या टॉवरकडे बोट दाखवलं, कुणी फवारणीकडे. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले; तेव्हापासून हा संशय आधी येतो आणि तो येणं साहजिक आहे. पण बाबांच्या गाठीचं कारण डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. टॉवरच्या लहरींत अणूतले इलेक्ट्रॉन उडवायची ताकद नसते. एक्स-रे आणि गॅमा किरणांत असते, म्हणून ते पेशीतला डीएनए तोडू शकतात. तरी मात्रा बघायला हवी. डोक्याच्या एका सीटी स्कॅनमध्ये मेंदूला साधारण ५० मिलिग्रे किरण मिळतात. बाबांच्या गाठीला त्याच्या हजारपट द्यायचे होते. स्कॅनला घाबरून उपचार लांबवणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्यासाठी हा हिशेब मुद्दाम लिहिते.

शेक दुखत नाही. “डोये मिटून घेतले तरी निया उजेड दिसते वो,” बाबा पहिल्याच आठवड्यात म्हणाले. आम्हाला तो भास वाटला. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांना दिसतो. डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून अतिवेगवान इलेक्ट्रॉन जातात तेव्हा खरोखरच निळसर प्रकाश पडतो. अमेरिकेत डार्टमथच्या संशोधकांनी उपचार चालू असताना रुग्णाच्या डोळ्यातला तो उजेड कॅमेऱ्यात पकडला आहे.

केस गेले, उलट्या झाल्या, डोकं ठणकलं. मेंदूची सूज उतरायला डेक्सामेथासोन दिलं. या सगळ्याची कल्पना आम्हाला आधी दिलेली होती. शेक संपल्यावर दीड-दोन महिन्यांनी बाबा दिवसदिवस झोपू लागले, ताटावर बसल्या बसल्या पेंगू लागले. तेही पुढे ओसरलं. बाबा सुटले, असं सगळ्यांनी धरलं.

वर्ष उलटल्यावर हंगामात ते हौसेनं मार्केट यार्डात गेले, मी सोबत होते. जुन्या हमालानं मानानं त्यांना काट्यापाशी उभं केलं. बाबांनी आकडा वाचला, वहीकडे वळले, पेन टेकवलं आणि थांबले. परत काट्याकडे पाहिलं, परत वळले. मधल्या क्षणात आकडा निघून गेलेला असे. मागची गाडी खोळंबली तेव्हा हमालानंच हळूच आकडा सांगितला. घरीही तेच. जेवण झाल्यावर “जेवलो का वो मी?” विचारायचे. फिटची गोळी दोनदा घ्यायचे. आई चिडायची, कारण तिला ते मुद्दाम केल्यासारखं वाटायचं. पण हाच माणूस पूर्वीची शकुंतला रेल्वेगाडी दारव्हा-मोतीबागला किती वाजता यायची, कारंज्याला कोण चढायचं, मूर्तिजापूरला उतरून काय खाल्लं हे न अडखळता सांगत होता.

पुढच्या एमआरआयमध्ये गाठ वाढलेली नव्हती, पण भोवतीचा पांढरा भाग बदललेला होता. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. चेतापेशी विभागत नाहीत, म्हणून मेंदू किरणांना दाद देत नाही असं पूर्वी धरत असत. पण मार बसतो तो त्यांच्या सोबतच्या पेशींना. तारेवर प्लास्टिक असतं तसं चेतातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. ते घडवणाऱ्या पेशी मरतात. बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं. आणि हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, जिथं नवी आठवण धरली जाते, तिथल्या मूळपेशी फार थोड्या मात्रेतही थांबतात. बाबांची गाठ त्याला लागूनच होती. सुरुवातीची सूज जाते, मधली झोपही जाते; सहा महिन्यांनंतर जे उगवतं ते बहुधा परतत नाही. वाढत्या मेंदूचं तर आणखी कठीण. हिरोशिमा-नागासाकीत गर्भाच्या ८ ते १५ आठवड्यांत किरण लागलेल्या मुलांत मतिमंदत्व सर्वांत जास्त आढळलं. तीन वर्षांखालच्या लेकरांना म्हणूनच डोक्याचा शेक शक्यतो टाळतात.

शेकानं बाबा वाचले, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. पुन्हा वेळ आली तरी आम्ही तोच उपचार घेऊ. पण सहा महिन्यांनंतरचं हे कुणीतरी आधी, घरच्या सगळ्यांना बसवून सांगायला हवं होतं. ते कळल्यापासून आई चिडली नाही. तिनं गोळ्यांचे वारांप्रमाणे कप्पे केले आणि बाबांच्या खिशात छोटी वही दिली. जेवले की ते त्यात खूण करतात.

आर्णीचा आमचा एक नातेवाईक आता याच उपचाराला चालला आहे. त्याच्या बायकोला मी तीन गोष्टी विचारायला सांगितल्या: शेकाआधी स्मरणशक्तीची चाचणी होईल का, हिप्पोकॅम्पसला किती मात्रा बसेल, ती कमी करता येईल का. काही गाठींत ती कमी करता येते. पूर्ण मेंदूला शेक देताना हा भाग वाचवून सोबत मेमॅन्टिन दिलं तर आठवण जास्त टिकते, हे चाचण्यांत दिसलं आहे. परवा तिचा फोन आला. डाव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस वाचवणं जमणार नाही, गाठ तिथंच आहे. उजव्या बाजूला झोत कमी पडेल असा प्लॅन डॉक्टर पुन्हा करून बघताहेत, आणि चाचणी सोमवारी आहे.