जाळी बसवण्याआधीचा रस्ता

मानेतल्या कॅरोटिड धमनीत ब्लॉकेज निघालं की नातेवाईक आधी टक्के विचारतात. मग लगेच म्हणतात, "डॉक्टर, हार्टला टाकतात तसा इथेही स्टेंट टाकून मोकळं करा ना." वरवर पाहिलं तर काम तेच आहे. मांडीतून तार घालायची, फुगा फुगवायचा, जाळी बसवायची. पण या धमनीच्या पुढे मेंदू आहे. दोन मिलिमीटरचा एखादा तुकडा निसटून वर गेला, तर माणसाची वाचा जाऊ शकते.

मी इंटरव्हेन्शनल न्यूरोरेडिओलॉजिस्ट आहे, हेच काम करतो. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. स्टेंट टाकताना मेंदूला इजा होण्याचा धोका बराचसा रुग्ण टेबलावर येण्याआधीच ठरलेला असतो, आणि तो टक्क्यांत दिसत नाही. म्हणून सीटी अँजिओग्राफी हातात आली की मी ब्लॉकेजकडे नंतर बघतो. आधी छाती बघतो.

छातीत महाधमनीची कमान असते. तिच्यावरून डोक्याकडे आणि हातांकडे जाणाऱ्या फांद्या फुटतात. तरुणपणी त्या कमानीच्या माथ्यावरूनच निघतात. वय वाढलं, रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला, की कमान लांबते आणि फांद्यांची मुळं माथ्यापासून खाली राहतात. हे अंतर डाव्या कॅरोटिडच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त झालं, की आम्ही तिला तिसऱ्या प्रकारची कमान म्हणतो. अशा कमानीत कॅथेटर वर नेऊन पुन्हा खाली वळवावा लागतो. तो सरळ बसत नाही, घसरतो, पुन्हा फिरवावा लागतो. भिंतीवर कॅल्शियम आणि चरबीचा थर असेल, तर प्रत्येक फेरीत त्याचे कण सुटू शकतात. उजव्या बाजूला स्टेंट टाकलेल्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये कधी डाव्या मेंदूत, कधी लहान मेंदूत ताजे ठिपके दिसतात, ते यामुळेच. जिथे जाळी बसवलीच नाही तिथे ही इजा झालेली असते, ब्लॉकेजपर्यंत पोचण्याच्या वाटेवर.

हे ठिपके बहुतेक वेळा मुके असतात. हात लुळा पडत नाही, बोलणं अडखळत नाही. ICSS या आंतरराष्ट्रीय चाचणीतल्या काही रुग्णांचा एमआरआय उपचाराच्या आधी आणि नंतर काढला गेला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. स्टेंट घातलेल्यांपैकी ५० टक्के रुग्णांत नवे ठिपके होते. मान उघडून धमनी साफ करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे एंडार्टरेक्टमी झालेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं. 'लक्षणं नाहीत ना, मग सोडून द्या' असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, मग तो कितीही छोटा असो.

त्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडातल्या CREST चाचणीचे निकाल आले. २५०२ रुग्ण होते. उपचाराच्या आसपासच्या काळात पक्षाघात स्टेंटच्या गटात ४.१ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात २.३ टक्के. हार्ट अटॅकचं प्रमाण मात्र नेमकं उलट, १.१ आणि २.३. सर्वांत महत्त्वाची गोष्ट वयाची होती: साधारण सत्तरीच्या पुढे शस्त्रक्रियेचं पारडं जड होत गेलं. तरीही 'आईचं वय झालंय, चिरफाड नको, स्टेंटच टाका' हा आग्रह अजून रोज कानावर येतो. मुलांची माया मला समजते. पण मानेवरची चीर महिन्याभरात भरून येते. म्हाताऱ्या, वेड्यावाकड्या कमानीतून तार नेणं हे त्या आईसाठी जास्त जोखमीचं असू शकतं. अशा वेळी मी सीटी त्यांच्यासमोर लावतो, कमान बोटाने दाखवतो आणि त्यांना व्हॅस्क्युलर सर्जनकडे पाठवतो. कमान टाळून थेट मानेतून आत शिरायचं आणि काम होईपर्यंत रक्त उलटं वाहू द्यायचं, अशीही पद्धत आता आहे. ती निघाली ती याच अडचणीतून.

दुसरी गोष्ट ब्लॉकेजच्या जातीची. कडक, जुना, तंतुमय थर बहुधा जागेवर राहतो. वरचं आवरण पातळ आणि आत मऊ चरबीचं सारण, अशी करंजीसारखी रचना असेल, तर फुग्याच्या दाबाने ती फुटते. सोनोग्राफीत असा थर काळपट दिसतो. गेल्या काही दिवसांतच पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, तर हा थर बहुधा अजून धुमसतच असतो.

कण अडवायला आम्ही पुढे फिल्टर उघडतो: तारेवर बसवलेली बारीक छिद्रांची पिशवी. पण ती उघडायची तर बंद अवस्थेत ब्लॉकेजमधूनच पलीकडे न्यावी लागते, आणि तोवर मेंदूला संरक्षण नसतं. छिद्रं साधारण १०० मायक्रॉनची असतात, त्याहून बारीक कण सहज निसटतात. काम संपल्यावर मी फिल्टर सलाइनमध्ये धुऊन पांढऱ्या गॉजवर झटकतो. कधी काहीच नसतं. कधी पिवळसर, चिकट कणी गॉजवर उतरते आणि शेजारची सिस्टर न बोलता माझ्याकडे बघते.

फुगा फुगतो त्या क्षणी मॉनिटरवर नाडी सत्तरवरून तीसवर येऊ शकते, कारण रक्तदाब ओळखणाऱ्या नसा त्याच जागी असतात. म्हणून नाडी वर आणणारं अ‍ॅट्रोपिन सिरिंजमध्ये भरून ठेवलेलं असतं. रक्तदाब खाली गेला की मेंदूची उपासमार होते, आणि आधीच सुटलेले कण धुऊन न जाता तिथेच रुतून बसतात.

नंतरच्या दिवसांत धोका उलट्या बाजूने येतो. वर्षानुवर्षं कमी रक्तावर जगलेल्या भागातल्या बारीक वाहिन्या आकुंचन पावण्याची सवय विसरलेल्या असतात. एकाएकी पूर्ण दाब मिळाला की त्या गळतात, क्वचित फुटतात. दुसऱ्या बाजूची कॅरोटिड बंद असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर ही भीती अधिक. म्हणून घरी सोडताना मी मुलाला किंवा सुनेला बाजूला घेऊन सांगतो: बीपी दिवसातून दोनदा लिहून ठेवा. स्टेंटच्या बाजूचं डोकं ठणकायला लागलं, तर पेनकिलर देऊन वाट बघू नका, रात्र असली तरी घेऊन या. आणि दात काढायचा असेल, तरी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मला विचारल्याशिवाय बंद करू नका.