सोशल साइटचा पाया: आधी अधिकार, मग सोयी

एखाद्या मंडळाला, माजी विद्यार्थी संघाला किंवा वाचकगटाला स्वतःची सोशल साइट काढायची असली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला यांपैकी कोणती सीएमएस (मजकूर-व्यवस्थापन प्रणाली) घ्यावी? मग सोयींची यादी निघते. प्रोफाइल, मैत्री, गट, व्यनि (व्यक्तिगत निरोप), लाइक, फोटो. ज्या सीएमएसपुढे बरोबरच्या खुणा जास्त, ती घ्यायची. माझ्या मते या यादीवरून निवड करता येत नाही, कारण यातली बहुतेक प्रत्येक सोय आज कोणत्याही प्रमुख सीएमएसला प्लगइन किंवा मॉड्यूल जोडून मिळते. निवड ठरावी ती दोन प्रश्नांवर. कोणाला काय दिसावे हे ती प्रणाली कुठे ठरवते? आणि सदस्य निघून गेला की त्याच्या लेखनाचे काय होते?

या प्रश्नांचे महत्त्व सीएमएसच्या मूळ घडणीतून येते. २००३ साली आलेले वर्डप्रेस ‘लिहिणारे थोडे, वाचणारे पुष्कळ’ हे गृहीत धरून घडले. तयार झालेले पान एकदा साठवायचे आणि तेच हजारोंना दाखवायचे, त्यामुळे स्वस्तातला सर्व्हरही पुरतो. सोशल साइटवर हे गणित चालत नाही. लॉग-इन केलेल्या प्रत्येकाचे पान वेगळे असते: त्याचे गट, त्याने न वाचलेले प्रतिसाद, त्याने ब्लॉक केलेले आयडी. एकासाठी साठवलेले पान दुसऱ्याला दिसले, तर तो थेट खासगीपणाचा भंग होतो. म्हणून इथे वेग आणि अधिकार वेगळे काढता येत नाहीत. २०१५ मध्ये आलेल्या ड्रुपल ८ ने पानाचा कोणता तुकडा सदस्यानुसार किंवा त्याच्या भूमिकेनुसार बदलतो, याची नोंद त्या तुकड्यासोबतच ठेवायला सुरुवात केली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून.

आता पहिला प्रश्न लावून पाहू. बडीप्रेस हे वर्डप्रेसचे प्लगइन मैत्री, गट आणि घडामोडींसाठी डेटाबेसमध्ये वेगळी टेबले करते. गट सार्वजनिक, खासगी किंवा छुपा ठेवता येतो. पण वर्डप्रेसचा मूळ लेख या गटांना ओळखत नाही. ‘हा लेख फक्त या गटाला’ असे हवे असेल, तर आणखी एक प्लगइन लागते. आणि बाकीच्या प्लगइनांपैकी एखाद्याने त्याचा नियम पाळला नाही, तर छुप्या लेखाचे शीर्षक शोधात डोकावते. ड्रुपलमध्ये पाहण्याचा अधिकार थेट डेटाबेसच्या क्वेरीत मिसळण्याची व्यवस्था गाभ्यातच आहे. मॉड्यूल लिहिणाऱ्याने शिस्त पाळली, तर यादी, शोध आणि मोजदाद यांना एकच नियम लागतो. २००४ चे एल्ग सोशल साइटसाठीच बनवलेले. त्यात प्रत्येक नोंद आपला अधिकार सोबत घेऊनच साठवली जाते.

दुसरा प्रश्न निरोपाचा. वर्डप्रेसमध्ये व्यवस्थापक खाते काढू लागला की दोन पर्याय पुढे येतात: लेखन पुसा किंवा दुसऱ्या कोणाच्या नावावर करा. चर्चेच्या साइटवर दोन्ही अन्यायकारक. पहिल्याने धागाच नाहीसा होतो, दुसऱ्याने एकाचे मत दुसऱ्याच्या तोंडी जाते. ड्रुपल चार पर्याय देते. त्यांत खाते बंद करून लेखन राखणे आहे आणि खाते पुसून लेखन अनामिक करणेही आहे. वर्डप्रेसने २०१८ मध्ये वैयक्तिक माहिती निर्यात करण्याची आणि पुसण्याची साधने आणली, हे मान्य करायला हवे. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती पुसून मागण्याचा हक्क मान्य केला असल्याने हा मुद्दा आता केवळ शिष्टाचाराचा नाही.

मराठीतला पुरावा पाहावा. मनोगत, उपक्रम, मिसळपाव, ऐसी अक्षरे ही संकेतस्थळे ड्रुपलवर चालली आणि १९९६ पासूनची मायबोलीही पुढे ड्रुपलवर आली. मला हा योगायोग वाटत नाही. दीर्घ लेख, त्याखाली प्रतिसाद, प्रतिसादाला उपप्रतिसाद, आणि सदस्य, संपादक, व्यवस्थापक यांचे निरनिराळे अधिकार असा या स्थळांचा संसार आहे. ड्रुपलही अँटवर्पच्या विद्यार्थ्यांच्या संदेशफलकातूनच वाढले.

यावर पहिला आक्षेप असा की ड्रुपल अवघड आहे. तो खरा आहे. सातव्या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, आणि सातवरून पुढे जाणे म्हणजे जवळजवळ नवी साइट बांधणे. म्हणून ज्या संस्थेला कायमचा तंत्रज्ञ परवडत नाही, तिने वर्डप्रेस आणि बडीप्रेसच घ्यावे. मात्र सगळे लेखन सार्वजनिक ठेवावे आणि गुंतागुंतीच्या अधिकारांचा मोह टाळावा. दुसरा आक्षेप: व्हॉट्सअॅप आणि फेसबुक फुकट असताना हा उपद्व्याप कशाला? गप्पांसाठी ती साधने उत्तमच. पण ऑर्कुट हे सोशल नेटवर्क ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले आणि गटांना सोशल साइट बांधून देणाऱ्या निंगने २०१० मध्ये मोफत सेवा थांबवली. समूहाचा संग्रह दुसऱ्याच्या निर्णयावर टांगलेला राहतो. तिसरा आक्षेप: सगळे स्वतःच का लिहू नये? पासवर्ड बदलणे, स्पॅम अडवणे, सुरक्षेची ठिगळे लावणे ही कंटाळवाणी कामे सीएमएसमध्ये हजारो डोळ्यांखालून गेलेली असतात. फेसबुकसारखी क्षणोक्षणी बदलणारी फीडच हवी असेल, तर मात्र सीएमएसचा नादच सोडावा.

तेव्हा निर्णयाआधी डेमो साइटवर चार गोष्टी करून पाहा. छुप्या गटातला लेख बाहेरच्या आयडीने शोधा. भर चर्चेतल्या सदस्याचे खाते बंद करा. ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधा. त्यातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकता येतो, डोळ्यांना सारखा आणि डेटाबेसला वेगळा. शेवटी सगळा डेटा बाहेर काढून दुसऱ्या सर्व्हरवर उभा करा. या चारही कसोट्यांना उतरेल ती सीएमएस घ्या, मग तिच्या सोयींची यादी आखूड असली तरी चालेल.