परतीची तार

मोटारीच्या विजेच्या कामात आमचे आयुष्य गेले. एस.टी.च्या आगारात तीस वर्षे आम्ही बसगाड्यांचे दिवे, हॉर्न, डायनॅमो आणि स्टार्टर दुरुस्त केले. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी जी भाषणे केली, त्यांत ‘यांच्या हातून दोष सुटत नाही’ असे एक वाक्य होते. ते आम्ही जरा जास्तच मनावर घेतले असावे. कारण त्या वाक्याचा फोलपणा आम्हांला पुढे सातासमुद्रापलीकडे जाऊन अनुभवावा लागला.

२०१८ च्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही सपत्नीक कॅनडाला पुतण्याकडे गेलो होतो. ऑन्टारिओ प्रांतात, हॅमिल्टन शहराच्या बाहेर त्याचे बिऱ्हाड आहे. आठवडाभर तो एका गोदामात नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी लोकांच्या बागा साफ करून देतो. वाडीत वाढलेला मुलगा. मातीला हात लागल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्या दिवसांत तिकडे मेपलची पाने झडू लागतात आणि अंगणेच्या अंगणे त्यांनी भरून जातात. ती पाने गोळा करून वाहून नेण्यासाठी त्याने एक जुना पिकअप ट्रक आणि त्यामागे जोडायचा दोन चाकांचा जुना ट्रेलर घेतला होता. ट्रेलर म्हणजे आपल्याकडच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा धाकटा भाऊच. ट्रकच्या मागे एक पोलादी गोळा असतो, त्यावर ट्रेलरची मान अडकवायची, साखळ्या लावायच्या आणि दिव्यांचा चार तारांचा प्लग जोडायचा, की झाले.

शुक्रवारी संध्याकाळी पुतण्या म्हणाला, “काका, ट्रेलरचा डावा दिवा लागत नाही आणि उजवा मिणमिणतो. जरा बघता का?”

हे ऐकून आमची कळी खुलली. परदेशी गेल्यापासून आम्ही नुसते खात आणि झोपत होतो. आम्ही लगोलग डाव्या दिव्याची काच उघडली. आत बल्ब काळा पडला होता. नवा बल्ब घातला, होल्डर घासला, दोन थापा मारल्या. दोन्ही दिवे लख्ख पेटले. “झालं!” आम्ही हात झाडत म्हणालो. मीटर त्याच्याच पेटीत होता. तो बाहेर काढण्याची आम्हांला गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी काम आटोपून सगळे परत निघालो. पुतण्या ट्रेलर घेऊन पुढे होता आणि आम्ही सूनबाईच्या मोटारीतून त्याच्या मागे. दिवस मावळला होता, बारीक पाऊस लागला होता. ट्रेलरचे मागचे दिवे अंधुक लाल दिसत होते. पावसामुळे तसे दिसत असतील, अशी आम्ही मनाची समजूत घातली. पुढे एका वळणाशी पुतण्याने ब्रेक दाबला असावा. असावा म्हणतो, कारण ते कळायला मार्गच नव्हता. ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे उजळायला हवेत. ते चक्क विझले! समोर निव्वळ अंधार झाला आणि त्या अंधारात ट्रेलर झपाट्याने जवळ येऊ लागला. सूनबाईने सारा जोर लावून ब्रेक दाबला. मोटार थांबली तेव्हा ट्रेलरच्या फळीत आणि आमच्यात हातभर अंतर उरले होते.

घरी पोचल्यावर सूनबाईने घडलेला प्रकार सांगितला. पुतण्या काही बोलला नाही. पायरीवर बसून राहिला. थोड्या वेळाने इतकेच म्हणाला, “काका, उद्या गाडी बाहेर काढायची नाही. काम गेलं तरी चालेल.”

त्याच्या त्या मौनाचे कारण आम्हांला ठाऊक होते. १९९३ साली त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधू, पहाटेच्या अंधारात स्कूटरवर भाजीचे ओझे लादून मुंबईकडे निघाले होते. अहमदाबाद महामार्गावर एक बंद पडलेला ट्रक उभा होता. त्याला मागे ना दिवा, ना झाडाची फांदी, ना दगड. बंधूंना तो दिसलाच नाही. पुतण्या तेव्हा आठ वर्षांचा होता. पुढे तो आमच्याच घरी वाढला. पण त्या पहाटेबद्दल तो आमच्याशी कधी बोलला नाही आणि आम्हीही विषय काढला नाही. त्याच मुलाच्या ट्रेलरचा दिवा आम्ही ‘झालं’ म्हणून पास केला होता! ती रात्र आम्हांला झोप लागली नाही.

सकाळी उठून आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्याची माफी मागितली. तो गडबडला. “काका, काय हे!” म्हणत त्याने मीटरची पेटी आमच्यापुढे ठेवली. मग आम्ही दोघांनी शिकाऊ उमेदवारासारखी पहिल्यापासून सुरुवात केली.

चार तारांची ही रचना तशी सोपी आहे. तपकिरी तार मागच्या मंद दिव्यांची. पिवळी डाव्या बाजूच्या इंडिकेटरची आणि ब्रेकची, हिरवी उजव्या बाजूची. तिकडच्या अशा ट्रेलरवर ब्रेक आणि इंडिकेटर यांना मिळून एकच तार आणि एकच तंतू पुरतो. चौथी पांढरी, ती अर्थची, म्हणजे वीज परत नेणारी. ट्रकच्या बाजूच्या प्लगात वीज आणणारी तीन टोके रबरात झाकलेली असतात आणि अर्थचे एकटेच टोक उघडे असते. कारण ते कशाला टेकले तरी ठिणगी उडत नाही.

प्रथम ट्रेलरचा प्लग काढून ठेवला आणि ट्रकचे टोक तपासले. दोष ओढणाऱ्याचा की ओढल्या जाणाऱ्याचा, हे आधी ठरवावे, ही आगारातली पहिली शिकवण. मीटरची एक सळई अर्थच्या टोकाला आणि दुसरी एकेका तारेच्या टोकाला लावली. पुतण्या आत बसून क्रमाने दिवे, डावा, उजवा, ब्रेक असे लावीत गेला. प्रत्येक वेळी बारा व्होल्ट चोख मिळाले. ट्रक निर्दोष होता.

आता ट्रेलर. मीटर रोधावर लावून एक सळई ट्रेलरच्या प्लगातील अर्थच्या टोकाला आणि दुसरी ट्रेलरच्या सांगाड्यावर, रंग खरवडून उघड्या केलेल्या लोखंडाला टेकवली. येथे आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. तो स्थिरच राहीना. ट्रेलर जरा हलवला की आकडा कोठल्या कोठे जाई. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. प्लग पुन्हा जोडून, मागचे दिवे लावून, आम्ही एक सुटी तार घेतली आणि तिचे एक टोक ट्रकच्या चासीला व दुसरे ट्रेलरच्या सांगाड्याला धरले. दोन्ही दिवे टवटवीत पेटले. पुतण्याने ब्रेक दाबला. ते आणखी उजळले. तार काढली, की पुन्हा मिणमिण आणि ब्रेक दाबताच अंधार. जाणाऱ्या तारा साऱ्या शाबूत होत्या. तुटली होती ती परतीची तार.

ब्रेक दाबल्यावर दिवे विझतात कसे, हे पुतण्याला आम्ही जमिनीवर रेघा ओढून समजावले. बल्बमधून गेलेली वीज अर्थमार्गे बॅटरीकडे परतली पाहिजे. तो मार्ग बंद झाला, की ती चोरवाटा शोधते. मंद दिव्याच्या तंतूतून निघून ती ब्रेकच्या तंतूत शिरते आणि ब्रेकच्याच तारेने उलटी ट्रककडे जाते. इतकी वणवण केल्यावर उजेड मंदच पडणार. पण ब्रेक दाबला, की त्या तारेतूनही वीज येऊ लागते. दोन्ही टोकांना सारखाच दाब. मग वीज वाहणार कोठे? दिवा विझतो. आदल्या दिवशी अंगणात तो पेटला, कारण आमच्या थापांनी ट्रेलरची मान पोलादी गोळ्याला घट्ट टेकली आणि तेवढ्यापुरती वीज तेथून परतली. वंगण लागलेल्या त्या गोळ्यावर, रस्त्याच्या हिसक्यांत, भरवसा तो किती ठेवावा?

ट्रेलरच्या मानेखाली पांढरी तार एका बोल्टाला आवळलेली सापडली. हिवाळ्यात तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने बोल्ट गंजून फुगला होता आणि तांब्यावर हिरवा थर चढला होता. तारेचे वेष्टन सोलले, तर आतही काळे तांबे. काळे संपून लाल तांबे दिसेपर्यंत आम्ही तार कापत गेलो. नवे कडे दाबून बसवले, लोखंड घासून चकचकीत केले, दातेरी वायसर घालून नवा बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस चोपडले. शिवाय केवळ सांगाड्यावर विसंबू नये म्हणून दोन्ही दिव्यांपर्यंत अर्थची स्वतंत्र तार ओढली. ते करताना पुतण्याला पिवळी तार एका भोकाच्या कडेला घासून सोललेली आढळली. आणखी काही दिवसांनी तिने फ्यूज उडवला असता. तिला त्याने रबरी नळी चढवली. हा दोष त्याने शोधला, आम्ही नव्हे.

शेवटी चाचणी. आम्ही आत बसलो आणि तो मागे उभा राहिला. ब्रेक दाबला, सोडला, डावा, उजवा, मग सारे एकत्र. “दिसतंय का रे?” आम्ही विचारले. काही क्षण उत्तर आले नाही. मग तो म्हणाला, “दिसतंय काका. लांबून दिसतंय.” त्याचा आवाज जड झाला होता. त्या संध्याकाळी जेवणे झाल्यावर पंचवीस वर्षांत प्रथमच तो आपल्या वडिलांविषयी बोलला. आम्हांलाही पुष्कळ सांगायचे होते.

गावी परतल्यापासून आम्हांला एक सवय जडली आहे. वाडीतून कोणाचा टेम्पो वा ट्रॅक्टरची ट्रॉली निघाली, की आम्ही मागे जाऊन उभे राहतो आणि ब्रेक दाबायला सांगतो. पोरे हसतात, पण दाबतात. आपल्या गाडीचा मागचा दिवा चालकाला दिसत नाही. त्यासाठी दुसऱ्या कोणीतरी मागे उभे राहावे लागते. त्याला दोन मिनिटे लागतात. तेवढी दोन मिनिटे १९९३ च्या त्या पहाटे कोणी दिली नाहीत, आणि २०१८ च्या त्या शुक्रवारी आम्हीही दिली नव्हती.