घंटेआधीचा अर्धा तास

चि. छकुलीस,


तुझा निरोप काल रात्री वाचला. महापालिकेच्या शाळेत संध्याकाळची अभ्यासिका चालवायला तुमच्या संस्थेला परवानगी मिळाली, हे मी काकांना झोपेतून उठवून सांगितलं. करारात काय काय लिहून घेऊ, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर देण्याआधी इथली हकिगत सांगते, म्हणजे मी एकाच गोष्टीचा एवढा हट्ट का धरतेय ते कळेल.

इथे कॅलिफोर्नियात एका सरकारी प्राथमिक शाळेत शाळा सुटल्यानंतरचा वर्ग मी अकरा वर्षं सांभाळतेय. माझा पगार शाळेकडून येत नाही. तो एक संस्था देते आणि संस्थेला पैसे देतं स्कूल डिस्ट्रिक्ट. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. एका भागातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणारी ती यंत्रणा, तिचं मंडळ लोक निवडून देतात. तेव्हा तुझी आणि माझी जागा तशी सारखीच आहे. इमारत एकाची, मुलं दोघांची.

पैशाची सोय इथे कायद्याने झाली. २००२ साली मतदारांनी ‘प्रपोझिशन ४९’ मंजूर केलं. त्यासाठी पुढाकार घेणारे अर्नोल्ड श्वार्झनेगर तेव्हा गव्हर्नरही झालेले नव्हते. २००६पासून शाळेनंतरच्या वर्गांसाठी दरवर्षी सुमारे ५५ कोटी डॉलर राखून ठेवले जाऊ लागले. अटीही स्पष्ट आहेत. शाळा सुटली की लगेच वर्ग सुरू करायचा, संध्याकाळी निदान सहापर्यंत चालवायचा, वीस मुलांमागे एक माणूस ठेवायचा. अभ्यास घ्यायचा, त्याच्या जोडीला खेळ-चित्रकलेसारखं काहीतरी हवं, आणि खाऊही हवा. हे सगळं आम्ही पहिल्या दिवसापासून पाळलं. तरी पहिली दोन वर्षं आमचा वर्ग त्या शाळेत भाडेकरूसारखा राहिला.

झालं असं. आम्हाला दुसरीच्या बाईंची खोली मिळाली होती. एके दिवशी त्यांच्या फळ्यावरचा दुसऱ्या दिवशीचा पाठ आमच्यातल्या कुणीतरी पुसून टाकला आणि पेन्सिलींचा डबाही रिकामा झाला. सकाळी बाई आल्या, बघितलं, बोलल्या काहीच नाहीत. दुपारी खोलीला कुलूप. मग आम्ही जेवणाच्या हॉलमध्ये. तिथे लांबलचक बाकांवर साठ मुलं, वर आवाज घुमणारं छत, आणि मागे सफाईचं यंत्र चालू. त्या गोंगाटात पहिलीतल्या पोरीला वाचून दाखवायचं म्हणजे ओरडूनच. खोलीच्या वापराचं कलम करारात होतं, सह्या होत्या. कुलूप काही त्याने निघालं नाही.

दुसरा प्रसंग मला जास्त लागला. एक मुलगा रोज माझ्याजवळ बसून गृहपाठ करायचा. ५२ वजा २७ त्याला येईना. मी त्याला आपली हातच्याची वजाबाकी शिकवली, अगदी मनापासून, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तो आला तो डोळे पुसतच. वर्गात बाई संख्यारेषेवर शिकवत होत्या. २७पासून ३०पर्यंत ३, तिथून ५०पर्यंत २०, पुढे २, मिळून २५. त्याने अर्धं त्यांचं, अर्धं माझं केलं आणि उत्तर तिसरंच आलं. त्याच्या वहीत दोन रंगांच्या खुणा होत्या, एक बाईंची, एक माझी. उत्तर चुकलं म्हणून तो रडत नव्हता गं. दोघींपैकी कुणाचं ऐकायचं हे त्याला कळत नव्हतं.

मी बाईंना आधी विचारलं का नाही? कारण घंटेआधी माझा दिवस सुरूच होत नव्हता. अनुदान होतं ते मुलांसोबतच्या तासांचं. आमच्याकडे शिकवणारी बहुतेक पोरं-पोरी कॉलेजातली, तासावर पगार घेणारी. ती घंटेच्या ठोक्याला दारात. आणि घंटा झाली की बाई थकून कागद आवरायला लागतात. दोघींची भेट व्हावी अशी वेळच कुणी ठेवली नव्हती.

तिसऱ्या वर्षी मी संस्थेकडे भांडून रोजचा अर्धा तास मागून घेतला, पगारी. त्या अर्ध्या तासात मी बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचे. संख्यारेषा मी तिथेच शिकले. कोणाच्या घरी नवं बाळ आलंय, कोणाचा चष्मा फुटलाय, कोण दुपारी उपाशी असतो, हेही तिथेच कळलं. महिन्याभरात बाईंनी किल्ली स्वतः आणून दिली. फळ्याच्या कोपऱ्यात आम्ही एक चौकट आखली. त्यातलं पुसायचं नाही, बाकी सगळा फळा आमचा. ती चौकट अजून आहे.

सगळीकडेच अशी उशिरा ओळख होते असं नाही. लॉस एंजेलिसमध्ये १९८८ साली महापौर टॉम ब्रॅडली यांनी ‘एलएज् बेस्ट’ हा शाळेनंतरच्या वर्गांचा उपक्रम सुरू केला, तेव्हा शहर आणि स्कूल डिस्ट्रिक्ट सुरुवातीपासून एकत्र होते. त्याच वर्षी मुंबईत रजनीताई परांजपे आणि बीना लष्करी यांनी ‘डोअर स्टेप स्कूल’ उभं केलं, वस्तीतल्या मुलांसाठी. जमलं तर त्यांचं काम जाऊन बघ. तुला माझ्यापेक्षा त्यांच्याकडून जास्त मिळेल.

आता तुझा करार. खोली, वीज, पाणी, स्वच्छतागृह, दुखापत झाली तर कोणाला फोन करायचा, हे सगळं लिहून घेच. मुलांची प्रगतीपुस्तकं बघायची असतील, तर पालकांची लेखी संमती सुरुवातीलाच घे. इथे त्यासाठी १९७४चा कायदा आहे. तिथे कायदा काहीही सांगो, आईबापांना विचारणं बरं. मुख्याध्यापक बदलतात. आमच्याकडे अकरा वर्षांत चार झाले, आणि दर वेळी मला नव्याने ओळख करून द्यावी लागली. म्हणून कराराची एक प्रत शाळेच्या फाइलमध्ये राहील असं बघ. शिपाईमामांशी पहिल्याच दिवशी बोल. शाळा उघडी राहणं त्यांच्या हातात असतं, आणि तुमच्यामुळे त्यांना घरी जायला उशीर होणार असेल तर त्याचा मोबदला अंदाजपत्रकात दाखव. त्यांच्या चांगुलपणावर ढकलू नकोस.

आणि माझा हट्ट हा. देणगीदारांना जो प्रस्ताव पाठवशील त्यात प्रत्येक ताईचा रोजचा अर्धा तास वेगळ्या ओळीत लिही, ‘वर्गशिक्षिकेसोबत’ म्हणून. ते म्हणतील, या वेळात मुलं किती शिकली ते दाखवा. आकडा दाखवता येणार नाही. तरी ती ओळ खोडू देऊ नकोस. गरज पडली तर खाऊतली केळी कमी कर, सहाऐवजी साडेपाचला वर्ग सोड, पण हा अर्धा तास ठेव.

खोली कोणत्या इयत्तेची मिळतेय? त्या बाईंना भेटून त्या वजाबाकी कशी शिकवतात तेवढं विचारून ये, आणि मला कळव.

तुझी,
मावशी