समोर येते तेवढेच पाहायचे का?

रात्री जेवणे आटोपल्यावर आपल्या घरात काय पाहायचे, हे कोण ठरवते? पूर्वी वस्तीत वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला जाई. कॅसेट कोणती आणायची यावरून वादावादी होई, कधी रुसवेफुगवेही. पण भांडणारी माणसे आपली होती. त्यांना विचारता येत होते की बाबा, हीच का आणली?

आमच्या घरी आता हप्त्यावर घेतलेला टीव्ही आहे. चौघे माणसे, आणि खाते एकाच नावाचे. मुलाने आठवडाभर दाक्षिणात्य मारामारीचे चित्रपट पाहिले की पडद्यावर सगळीकडे कोयते आणि उडणाऱ्या गाड्या. आई बिचारी म्हणते, "माझं काहीच लागत नाही यावर."

मुलगी बारावीला आहे. 'सैराट' तिने किती वेळा पाहिला याची गणती नाही. परवा मी विचारले, नागराज मंजुळे यांचा आधीचा 'फँड्री' पाहिलास का? म्हणाली, "नाही बाबा, तो कधी समोर आलाच नाही." आमच्या टीव्हीवर 'सैराट'नंतर 'धडक' आला, आणखी प्रेमकथा आल्या. २०१४ साली चित्रपटगृहांत लागलेल्या, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या 'फँड्री'तला शाळकरी जब्या मात्र आला नाही. त्याच्याच वयाची असताना तिने तो पाहायला हवा होता असे मला वाटते.

हे कसे घडते? आपण काय लावले, किती मिनिटे पाहिले, कुठे सोडले, याची नोंद यंत्र ठेवते. आपल्यासारखेच पाहणाऱ्या इतर लाखो लोकांच्या नोंदींशी ती ताडून पाहते आणि त्यावरून पुढची रांग लावते. हा हिशेब अचूक यावा म्हणून नेटफ्लिक्सने २००६ साली दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले होते. अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवायचा होता, आणि २००९ मध्ये एका गटाने ते बक्षीस नेले. कंपनीच्याच दोन अधिकाऱ्यांनी २०१५ साली लिहिले की प्रेक्षक जे पाहतात त्यातले सुमारे ८० टक्के तास शिफारशींतून येतात. नाव शोधून पाहणे राहते २० टक्के. साठ ते नव्वद सेकंदांत मनासारखे सापडले नाही तर माणूस निघून जातो, हेही त्यांनीच लिहिले. आता ज्याला आपण निघून जाऊ नये एवढीच चिंता, तो आपल्याला कधीच न पाहिलेले, जड वाटेल असे काही कशाला दाखवील? दुकानदार खपणारा माल पुढे मांडतो. त्यात नवल काय!

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी तक्रार केली की नेटफ्लिक्स त्यांना गोऱ्या नायक-नायिकांच्या चित्रपटांवरही कृष्णवर्णीय नटांचे चित्र लावून दाखवते. भूमिका पाहावी तर पाच-दहा मिनिटांची. कंपनीचे उत्तर असे की आम्ही कुणाचा वंश विचारतच नाही, फक्त काय पाहिले ते बघतो. न विचारता ओळखणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

यंत्राला सरसकट शिव्या घालण्यात अर्थ नाही. फोनवर एक जुने वगनाट्य लावून दिले तर आईसमोर पाठोपाठ अशी आणखी आली, जी मला शोधूनही सापडली नसती. पण ते पहिले कुणीतरी लावून द्यावे लागले.

आम्ही काही मित्र दर रविवारी वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, एका अभ्यासिकेत मुलांना शिकवायला जातो. डोंगराच्या आतल्या बाजूला रेंज नाही. मुले भोरला किंवा नसरापूरला आली की फोनमध्ये काहीबाही उतरवून नेतात. एसटी सुटायच्या आत जे वर दिसेल तेच उतरते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिसला दोन पुरस्कार मिळाले, पुढच्या वर्षी राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. त्यात लोकशाहीर झालेले नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार २०२१ साली कोरोनाने गेले. अभ्यासिकेतल्या एकाही मुलाने ना चित्रपट ऐकला होता, ना माणूस.

म्हणून घरी प्रत्येकाचे नाव वेगळे करून घेतले. ते फुकट होते आणि पाच मिनिटांचे काम. आपोआप पुढचा भाग सुरू होणे बंद केले. यूट्यूबवरची पाहिल्याची नोंद बंद करून पाहिली, तर पहिले पान जवळजवळ कोरे! मुलगा वैतागला, पण मग शोधायच्या चौकटीत नाव लिहू लागला.

नाव लिहायचे तर ते माहीत हवे. अभ्यासिकेत आता एक शंभर पानी वही ठेवली आहे. ज्याने जे चांगले पाहिले, त्याने त्याचे नाव आणि का आवडले ते दोन ओळीत लिहायचे. भोरला जाणारा वही वाचून जातो. आजवर सतरा नावे झाली. त्यातली चार मीही पाहिलेली नाहीत, आणि एका नावापुढे सहावीतल्या मुलीने लिहिले आहे, "शेवट कळला नाही, कुणाला कळला तर सांगा."