पाणी कुठं मुरतंय

आमची पद्मिनी तापली की आधी वास देते. गुऱ्हाळाजवळून जाताना येतो तसा, गोड पण घशाला जरा बोचणारा. मग बॉनेटच्या फटीतून वाफेची बारीक रेघ निघते आणि त्यानंतर ती ओढायला नाखूश होते, डोक्यावर भारा घेऊन झपाझपा चढणारी बाई एकाएकी पाय ओढत चालायला लागावी तशी. हा क्रम तिनं कधी चुकवला नाही. वासाबरोबर थांबलं की ती सांभाळून घेते. वाफ दिसेपर्यंत दामटलं, तर मग पसरणीच्या घाटात कठड्यावर बसून अर्धा-पाऊण तास कृष्णेचं खोरं बघत राहायचं. रेडिएटरच्या झाकणाला तोवर हात लावायचा नाही, ही आईची सक्त ताकीद. उकळत्या पाण्यानं भाजलेले हात तिनं दवाखान्यात पुष्कळ पाहिलेत.

गाडी आईची, १९८४ची. वाईत दवाखाना काढल्यावर घेतलेली. रात्री-अपरात्री दारावर थाप पडली की आई बॅग उचलायची आणि पद्मिनी एका सेल्फमध्ये उठायची. थंडीत फार तर चोक ओढावा लागे. बावधन, धोम, पसरणी, मेणवली हे सगळे रस्ते तिच्या टायरांनी पाठ केलेले. तिच्या मागच्या सीटवर दोन मुलं जन्मली आहेत. त्यांतल्या एकाला आता स्वतःची मुलं आहेत, आणि गाडी दिसली की तो थांबून तिच्या टपावर हात ठेवतो. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गियर, मागचं दार लावताना जरासं उचलून घ्यायची सवय, पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटर कोरडा पुसून मागणारा तिचा स्वभाव, हे सारं घरातल्या एखाद्या थोरल्या माणसासारखं आम्ही गृहीत धरलं होतं.

घराणं मोठं. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कारखान्याच्या कुर्ल्यातल्या शेडमधून १९६४ साली ती ‘फियाट डिलाइट’ म्हणून बाहेर पडू लागली, १९७४ पासून चितोडच्या राणीचं नाव लावू लागली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, खाली बिडाचा ब्लॉक, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. मुंबईनं तिला काळा-पिवळा रंग देऊन पिढ्यान्‌पिढ्या राबवलं. २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं पुरी करून २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा आईनं त्या दिवसाचा पेपर घडी करून आमच्या गाडीच्या कप्प्यात ठेवला. तो अजून तिथंच आहे.

तिची तहान वाढली ती गेल्या दिवाळीनंतर. पूर्वी महिन्याकाठी तांब्याभर पाणी पुरायचं. मग आठवड्याला तांब्या लागू लागला, संक्रांतीपर्यंत दोन दिवसांनी. शहाबादी फरशीवर सकाळी हिरवट थेंब दिसत, पण रोज वेगळ्या जागी. कधी डाव्या चाकाशी, कधी बरोबर मध्ये. कधी रात्रभर उभी राहूनही फरशी कोरडी ठणठणीत आणि रेडिएटरमध्ये मात्र पाणी बोटभर खाली. या गाडीत नेमकं पाणी कुठं मुरतंय, हा आमच्या घरातला खरोखरचा प्रश्न झाला.

त्यात एक काळजी वेगळीच होती. दोन वर्षांपूर्वी साधं पाणी सोडून मी हिरवं कूलंट घालायला लागले होते. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं ते थोडक्या मात्रेत निकामी करतं. आमचा खंड्या दुपारभर गाडीच्या सावलीत पडून असतो. सांडलेलं काही दिसलं की आधी त्याला बांधायचं, मग फरशी साबणानं धुवायची, हे मी उठल्या उठल्या करू लागले. ज्यांच्याकडे जुनी गाडी आणि जनावर दोन्ही आहेत, त्यांनी हे फार मनावर घ्यावं.

दोष कुणाचा म्हणाल तर बराचसा आमचाच. वर्षानुवर्षं आम्ही तिला बोअरचं पाणी पाजलं. आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड की चहाच्या भांड्याला आतून पांढरी पुटं चढतात. तीच इंजिनाच्या पोटात चढली. शिवाय बीड, अ‍ॅल्युमिनियम आणि रेडिएटरचं तांबं-पितळ हे तिन्ही धातू एकाच पाण्यात उभे असले की त्यांचा आपसात विजेचा खेळ चालतो आणि हेडचं अ‍ॅल्युमिनियम हळूहळू झिजत जातं. कूलंटमधली औषधं ते थोपवतात. साध्या पाण्यात थोपवणारं कुणी नाही. आणखी एक गोष्ट. खूप वर्षांपूर्वी घाटात रेडिएटर गळू लागला, तेव्हा एका ट्रकवाल्यानं हळदीची पुडी आत ओतली. हळद फुगून भेगेत बसते, हे खरं आहे. त्या रात्री आम्ही त्या हळदीवर घरी पोचलो. पण ती नंतर धुऊन काढायची असते. आम्ही काढली नाही.

या खेपेला मी आधी सगळ्यांना सुचतं तेच केलं. खालच्या होस पाइपची क्लिप ओली दिसली, ती बदलली. चार दिवसांनी रेडिएटरच्या खालच्या टाकीचा सांधा ओला दिसला. रेडिएटर उतरवून साताऱ्याला नेला, नळ्यांतून सळ्या घालून साफ करून घेतला, दोन ठिकाणी डाग देऊन आणला. पुन्हा तीच तहान. डिपस्टिक रोज बघत होते. तेलात पाणी मिसळलं की ते दुधाळ होतं, तसं काही नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता, चालू इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे नव्हते. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. एवढं समाधान.

आई ओसरीवर बसून हे सगळं बघत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे ती, गाडी चालवणं सोडून सहा वर्षं झाली. एक दिवस म्हणाली, “अगं, ओलं दिसतंय तिथं काय टाके घालत बसलीस? रक्त साचतं एकीकडे आणि येतं दुसरीकडून. आधी सगळं पुसून कोरडं कर. मग नुसती बघत राहा.”

मिस्त्रींना हे एकदम पटलं. त्यांचं गॅरेज बावधन नाक्याकडे. पद्मिनीची तीन तरी आजारपणं त्यांनी काढलेली. रविवारी ते घरीच आले. डिझेल आणि ब्रशनं इंजिन धुतलं, हवा मारली, मी जुन्या धोतराच्या फडक्यांनी कोपरान्‌कोपरा टिपला. चाळीस वर्षांचं काळं किटण निघाल्यावर आतून जे इंजिन दिसलं ते किती लहान आणि नेटकं होतं! मग आईनं आतून टाल्कम पावडरचा डबा मागवला. होसच्या टोकांना, हेडच्या सांध्याला, पंपाच्या भोवती, ब्लॉकच्या बाजूच्या डम्यांवर आम्ही पावडर शिंपडली. या डम्या म्हणजे पत्र्याच्या वाट्यांसारखी बुचं. कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून ब्लॉक फुटू नये म्हणून ती असतात असं पुष्कळजण सांगतात. खरं तर बिडाचं ओतकाम करताना आत भरलेली वाळू काढण्यासाठी ठेवलेली ती भोकं असतात. बुचं गंजली की पाणी तिथून वाट काढतं, म्हणून माझा संशय त्यांच्यावर होता.

मिस्त्रींनी पिशवीतून काढलेली वस्तू मला फार आवडली. रेडिएटरचं एक जुनं झाकण, त्याला मधोमध भोक पाडून सायकल ट्यूबचा वॉल्व्ह डाग देऊन बसवलेला, बाजूला एक छोटं मीटर. थंड गाडीला ते झाकण लावून त्यांनी सायकलच्या पंपानं हलकेच हवा भरली. “सातच्या वर न्यायचं न्हाई बगा, म्हातारं हाड हाय,” म्हणाले.

ते सात पौंड समजून घेण्यासारखे आहेत. उघड्या भांड्यातलं पाणी वाईत शंभर अंशांच्या थोडं अलीकडेच उकळतं, आणि तेराशे मीटरांवरच्या पाचगणीत तर ९५-९६ अंशांनाच. इंजिनाला ते परवडत नाही. म्हणून झाकणातली स्प्रिंग आतली वाफ दाबून धरते. दाबाच्या एकेका पौंडामागे उकळबिंदू साधारण दीड अंशानं वर सरकतो. म्हणजे गळती लागली की नुसतं पाणी कमी होत नाही, दाबही जातो, आणि उरलेलं पाणी लवकर उकळायला लागतं. घाटात तिचा जीव का घाबरा व्हायचा, त्याचं कारण हे.

मीटरचा काटा सातावर थांबला. आम्ही तिघंही गप्प. खंड्या मागच्या अंगणात बांधलेला. पाच मिनिटांत काटा सहावर आला आणि पावडर सगळीकडे कोरडी. मग मिस्त्री बॅटरी घेऊन आडवे झाले, पंख्याच्या पात्यांमधून आत उजेड टाकला आणि म्हणाले, “हितं या.” पंख्याच्या मागे, जिथं पाण्याच्या पंपाचा दांडा बाहेर येतो, तिथल्या पावडरीत एक काळसर रेघ उतरली होती. पाहता पाहता तिच्या टोकाला थेंब धरला.

सगळा लपंडाव तिथं उलगडला. या इंजिनात पंखा पंपाच्याच दांड्यावर बसतो. चालू गाडीत तो थेंब पंखा भिरकावून द्यायचा, कधी होसवर, कधी रेडिएटरच्या पाठीवर, कधी थेट गरम ब्लॉकवर, आणि तिथं तो वाळून जायचा. म्हणून फरशी कोरडी. म्हणून रोज नवी जागा. मी जिथं जिथं दुरुस्ती केली, त्या सगळ्या जागा केवळ भिजलेल्या होत्या; गळत त्यांतली एकही नव्हती.

पण मिस्त्रींची बोटं अजून पंपाच्या पोटाखाली चाचपत होती. वॉटर बॉडीला, म्हणजे या पंपालाच, खालून एक बारीक भोक असतं, आगपेटीची काडी जाईल एवढं. आतलं सील झिजलं की पाणी त्या भोकातून बाहेर ठिबकतं, बेअरिंगपर्यंत पोचत नाही आणि मालकाला कळतं की सीलचे दिवस भरले. मुद्दाम ठेवलेलं भोक आहे ते. आमच्या पद्मिनीचं ते भोक कुणीतरी, कधीतरी, एम-सील भरून बंद केलं होतं. वर काळा रंगही मारला होता.

आई खुर्चीवरून उठून आली. काठी टेकत वाकली, मिस्त्रींनी आरशाच्या तुकड्यात दाखवलं ते तिनं पाहिलं, आणि तिचा आवाज मी लहानपणी ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर ऐकायचे तसा झाला. “ड्रेन बंद केला? वाहतंय म्हणून ड्रेन बंद करतं का कुणी?”

“व्हय बाई. गळती थांबल्यागत वाटती,” मिस्त्री म्हणाले. “मग पाणी बेअरिंगात शिरतं.”

मला त्या क्षणी पद्मिनीबद्दल जे वाटलं ते नीट सांगायला हवं. महिनोन्‌महिने मी तिला लबाड समजत होते. थेंब टाकते आणि जागा दाखवत नाही म्हणून चिडत होते. तिला सांगायला एकच तोंड होतं, तेच आम्ही बुजवलेलं. तरीही ती वास देत राहिली, वेळेवर, प्रत्येक वेळी.

पंप उतरवला तेव्हा बेअरिंगमधून लालसर चिखल आला. दांडा हातात धरून हलवला तर डगडग करत होता. अजून काही दिवसांनी पंखा सुटून रेडिएटरमध्ये घुसला असता. आतल्या चक्राच्या पात्यांच्या कडा गंजानं खाल्लेल्या. वॉटर बॉडीची किट मी पुण्याला नाना पेठेत जाऊन आणली. तिसऱ्या दुकानात मिळाली. गॅस्केट मात्र मिस्त्रींनी घरी केलं. कागद पंपाच्या तोंडावर धरला आणि लहान हातोडीच्या गोल टोकानं कडेकडेनं टकटक करत गेले. धातूच्या धारेवर कागद आपोआप कापला जाऊन पंपाचा हुबेहूब आकार हातात आला. अशी कामगिरी मी किती वेळ बघत बसू शकते, याला मर्यादा नाही. बुजवलेलं भोक त्यांनी तारेनं मोकळं केलं, फुंकर मारून बघितलं आणि बाहेरचा एम-सीलचा गोळा तासून काढला.

ब्लॉक धुताना आधी चहासारखं पाणी आलं, मग गढूळ, आणि मध्येच पिवळट गाळाचा एक गोळा. हळदच असावी. अकरा बादल्यांनंतर पाणी नितळ झालं. मग निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीचं पाणी. वरचा होस हातानं दाबत दाबत, हवेचे बुडबुडे निघेतो, ते भरलं. बोअरचा नळ आता तिच्यासाठी बंद.

त्यानंतर तीनदा पाचगणीला जाऊन आलो. आई शेजारी बसते, काच खाली घेते आणि हॅरिसन फॉलीच्या वळणापर्यंत बोलत नाही. वास येतो का ते बघत असते. घरी परतल्यावर, इंजिन गार झालं की, ओसरीवरून विचारते, “ड्रेन बघितलास?” मी फरशीवर गुडघे टेकते, पंख्यामागे हात घालून त्या भोकाखाली बोट फिरवते आणि बोट तिला दाखवते. धूळ लागलेली असते. कोरडी.